मॅडमनी मोडलेलं फलन

अराबा मॅडमनी खडू हातात घेतला की आठवीच्या वर्गाला आधी हसू यायचं. फळ्यावर त्या बटाट्यासारखे वाकडेतिकडे दोन गोल काढायच्या आणि डावीकडून उजवीकडे बाण मारायच्या. सरळ बाण काही त्यांना आयुष्यात जमला नाही. बावीस वर्षं त्या या समुद्राकाठच्या शाळेत बीजगणित शिकवत होत्या, आणि बावीस वर्षं पोरं एकाच जागी अडखळत होती. साधा संबंध कुठला आणि फलन कुठलं, हे विचारलं की सगळा वर्ग छताकडे बघायचा.

यंदा मात्र गळ्याशी आलं. हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितलं, मंगळवारी तपासणीला साहेब येणार आहेत. पोरांना एवढा फरक सांगता आला नाही, तर आठवीचं गणित नव्या मास्तरांकडे जाईल आणि मॅडमनी बालवर्गात गाणी म्हणावीत. मॅडमचा आवाज फाटका होता, पण दुःख त्याचं नव्हतं. गणितावर बाईंचा जीव होता.

त्यांनी पुस्तकातली उदाहरणं गुंडाळून ठेवली. डाव्या गोलात वर्गातली पोरं लिहिली, उजव्या गोलात वारांची नावं. जन्मवाराचं नाव तर इथे प्रत्येकाला असतंच. शुक्रवारचा तो कोफी, गुरुवारची ती याबा. गंमत म्हणून डावीकडे स्वतःलाही घातलं आणि मंगळवारच्या ‘अराबा’वर बाण मारला. वर्गात कोफी तीन. तिघांचे बाण एकाच नावावर जाऊन पडल्याबरोबर वर्गाने निकाल दिला की फलन मोडलं. दरवर्षीची तीच चूक.

“मोडेल कशाला?” मॅडम म्हणाल्या. “यातल्या कुठल्याही कोफीला त्याचं वाराचं नाव विचारा. दोन सांगेल का तो?”

मग त्या दारात गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “कोफी, इकडे ये रे.” वर्गातले तिघं उठलेच, शेजारच्या वर्गातूनही दोघं धावत आले. पोरं हसून हसून बाकांवर आडवी झाली. नावावरून पोरगा शोधायला गेलं तर पाच सापडतात, म्हणून उलट्या बाजूने ते फलन नाही. येऊन पडणारे बाण कितीही असोत, एकाकडून निघणारा एकच हवा. बावीस वर्षांत पहिल्यांदा मॅडमना वर्गाच्या डोळ्यांत उजेड दिसला आणि त्या खुशीत घरी गेल्या.

मंगळवार उजाडला. मंगळवारी समुद्राला सुट्टी, कोणी होडी घालत नाही. किनाऱ्यावर गिऱ्हाईक नाही म्हणून मॅडमच्या म्हाताऱ्या आईने केंकेची, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या, केळीच्या पानात बांधून उकडलेल्या गोळ्यांची परात शाळेच्या आवारात, नेमकी आठवीच्या खिडकीखाली आणून मांडली होती. आत तपासणीला आलेले दादझी साहेब फळ्याकडे बोट दाखवून विचारत होते, हे फलन आहे का? वर्ग एका सुरात हो म्हणाला. मॅडमनी श्वास सोडला.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, “एकुआ, अगं सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. गरम केंके आहेत, खाऊन जा.”

एकुआ म्हणजे बुधवारची. ते मॅडमच्या आजीचं नाव. घरात लेकीला त्याच नावाने हाक मारायची आईची चाळीस वर्षांची सवय. मागच्या बाकावरची याबा उठली, सरळ फळ्यापाशी गेली आणि ‘मॅडम’पासून ‘एकुआ’पर्यंत दुसरा बाण मारला.

“साहेब, मघाशी आम्ही चुकलो. हे फलन नाही, नुसता संबंध आहे.”

“तीन कोफी आहेत म्हणून?” साहेबांनी मुद्दाम विचारलं.

“कोफी तीस असले तरी चालतील, साहेब. बिघडवलंय ते मॅडमनी. त्यांच्या एकटीकडून दोन बाण निघालेत.”

“मग आता उपाय?”

याबाने मॅडमकडे चोरून पाहिलं. “मॅडमना गोलातून काढावं लागेल.”

साहेब एवढे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “गोलातून काढ,” ते म्हणाले, “वर्गातून मी काढू देणार नाही.” आणि हेडमास्तरांच्या समोरच त्यांनी वहीत तसं लिहिलं.

मधल्या सुट्टीत मॅडम आईशेजारी जमिनीवर बसल्या. म्हातारीला कुणकुण लागली होती. “माझं काही चुकलं का गं?” तिने विचारलं.

“चुकलंच. तू माझं फलन मोडलंस.”

“मोडू दे,” केळीचं पान सोडत आई म्हणाली. “आधी खा.”

मॅडमनी तीन केंके खाल्ले.