डॉक्टरांचे तीन प्रश्न

आमच्या कार्यालयात ज्यांना सगळे डॉक्टर म्हणायचे, त्यांनी जन्मात कुणाची नाडी पाहिली नव्हती. ते कॉम्प्युटर सांभाळायचे. रोज सकाळी बगलेत एक लांबट वही धरून यायचे आणि सव्वीसच्या सव्वीस टेबलांवरून फेरी मारायचे, म्हणून डॉक्टर. प्रत्येक टेबलापाशी थांबून तेच तीन प्रश्न: "काही नवं लावलंय? काही हललंय? काही सांडलंय?" एकोणीस वर्षं हेच. आम्ही इतके वैतागलो होतो, की त्यांनी तोंड उघडायच्या आधीच ओरडायचो, "नवं नाही, हललं नाही, सांडलं नाही, पुढे व्हा!" ते हसायचे, वहीत खूण करायचे आणि खरंच पुढे व्हायचे.

मी नऊ नंबरच्या टेबलावर. जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या नकला काढून द्यायचं काम. माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. आणि हेही सांगते, की डॉक्टरांचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाहीये. ते गायची माझी लायकी नाही.

आमची मशीनं जरा वेगळी होती. जाड पुस्तकाएवढा एक डबा, त्याला पडदा जोडलेला, आणि डब्याच्या पोटात काही म्हणजे काही नाही. सकाळी बटण दाबलं की तो वायरीतून हाक मारणार: माझा पत्ता काय, आणि मी करायचं काय? मागच्या खोलीतला मोठा सर्व्हर ओ देणार, पत्ता देणार, कामाची फाइल कुठे आहे ते सांगणार. ती फाइल उतरली की पडदा उजळणार. डॉक्टर म्हणायचे, "ताई, यांना रोज सकाळी सगळं नव्यानं सांगावं लागतं. कालचं आज आठवत नाही."

"मग यांना साहेब का नाही करत?" मी म्हणायचे.

हे सगळं डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं उभं केलं होतं. शिक्षण बेताचं, कागदावर हुद्दा 'सहायक' एवढाच. पण प्रत्येक डब्याचा नंबर, कुठली वायर कुठल्या खोबणीत जाते, कोणता डबा कधी रुसला होता, सगळं वहीत. त्या वहीशिवाय आणि त्या डब्यांशिवाय माणसाजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

त्याच वर्षी माझी आई न्हाणीघरात पडली आणि अंथरुणाला खिळली. घरात मी आणि ती, दोघीच. शेजारची एक बाई दिवसभर बसायची, पण कसली बसते, टीव्ही बघते. मामेभावानं आईच्या खाटेसमोर एक छोटा कॅमेरा लावून दिला, फोनवर आई दिसायची. पण आमचा हॉल तळघरात, फोनला रेंज नाही. मग भावानंच साबणाच्या वडीएवढी एक वायफायची डबी आणून दिली. "भिंतीत खोबण दिसली की वायर खुपस. त्यात डोकं लागत नाही." माझ्या टेबलाखाली एक खोबण रिकामी होती. डबीला एक निळं भोक होतं, ते सैल झालेलं. मी वायर शेजारच्या पिवळ्यात खुपसली. टेबलाखालच्या फायलींच्या चळतीमागे डबी ठेवली. आई दिसली. कधी दिसायची, कधी नुसतंच चाक फिरायचं, पण दिसायची. संध्याकाळी डबी काढून पर्समध्ये टाकायची, सकाळी आल्या आल्या लावायची. दुपारी जेवायला जाताना तीही माझ्याबरोबर. कार्यालयात स्वतःची वस्तू जोडायला सक्त मनाई होती. एकाला त्यापायी घरी बसवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी डबी लावली सोमवारी. मंगळवारी नऊ मशीनं सुरू झाली नाहीत.

तेव्हा मला काही कळलं नाही, हे खरं आहे, आणि हे मी शपथेवर सांगेन. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची, 'फाइल सापडत नाही' अशा अर्थाची एक ओळ यायची आणि मशीन तिथंच ठप्प. परत बटण दाबलं की एखादं चालायचं, दुसरं बसायचं. कधी नऊ, कधी अकरा. बाहेर दाखल्यांसाठी रांग लागलेली, लोक शिव्या घालतायत, आणि डॉक्टर गुडघ्यांवर बसून पडद्याला नाक लावून ती ओळ वाचतायत. कारण ती येते आणि डोळा लवायच्या आत जाते.

त्यांनी काय नाही केलं! वायरी बदलल्या. जिथं सगळ्या वायरी एकत्र येतात ती पेटी बदलली. सव्वीस डब्यांचे नंबर सर्व्हरमध्ये पुन्हा हातानं घातले. दिवसा कुणी मशीनला हात लावू देईना, म्हणून ते सगळे गेल्यावर थांबून तपासायचे, रविवारी येऊन तपासायचे. आणि तेव्हा सव्वीसच्या सव्वीस डबे सुतासारखे सरळ. एकदाही अडखळायचे नाहीत.

"घोडं नेमकं पेंड कुठं खातंय, तेच कळेना, ताई," मला म्हणाले. "मी एकटा असलो की चालतात. माणसं आली की बसतात."

"लाजत असतील," मी म्हणाले. सगळे खो खो हसले. तो विनोद माझा. पुढे तोच त्यांच्या गळ्याशी आला.

कारण हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. डॉक्टर एकटे असले की चालतात म्हणजे काय? म्हणजे हाच काहीतरी करतो. नवीन कॉम्प्युटर घ्यायचं वरती ठरत होतं, जुने डबे जाणार होते. आपलं महत्त्व राहावं म्हणून हा मुद्दाम बिघडवतो आणि मग दुरुस्त करायचं नाटक करतो. कुणी पहिल्यांदा म्हणालं, माहीत नाही. मी नाही म्हणाले. पण मी 'छे' सुद्धा म्हणाले नाही.

चौथ्या महिन्यात साहेबांनी परीक्षाच घेतली. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बाहेर काढलं. आत फक्त साहेब आणि डॉक्टर. सगळी मशीनं बंद करून पुन्हा लावली. सव्वीस उजळली. मग साहेबांनी आम्हाला आत बोलावलं. मी खुर्चीत बसले आणि रोजच्या सवयीनं वाकून वायर खुपसली. त्या दिवशी आईला ताप होता.

"आता बंद करून पुन्हा लावा," साहेब म्हणाले.

सगळ्यांनी बटणं दाबली. अकरा पडदे काळे राहिले.

"वा!" साहेबांनी टाळी वाजवली. एकच. "तू एकटा असलास की चालतात. वा रे वा डॉक्टर! नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. इथं तर अंगणवालाच अंगण वाकडं करतोय."

डॉक्टर आमच्याकडे वळले. त्यांनी वही उघडली. आणि एक नंबरच्या टेबलापासून सुरुवात केली. साहेब उभे, आम्ही सगळे बसलेले, आणि हा माणूस प्रत्येकापुढे थांबून विचारतोय: "काही नवं लावलंय? काही हललंय? काही सांडलंय?" त्या दिवशी त्यांच्या तोंडावर कुणी ओरडलं नाही. सगळे खाली मान घालून 'नाही' म्हणत होते. पाच. सहा. सात. माझ्या पायाशी डबीचा दिवा लुकलुकत होता. आता मात्र मला शंका आली होती. खात्री नव्हती, पण शंका आली होती, आणि शंका पुरे होती.

"ताई, काही नवं लावलंय?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. का मला तसं वाटलं, देव जाणे. "बरं, ताई," म्हणाले, वहीत खूण केली आणि दहा नंबरकडे गेले.

आठवड्याभरात त्यांना काढलं. 'मालमत्तेत जाणूनबुजून बिघाड' असं कागदावर लिहून काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! त्यांनी जाताना वही तेवढी मागितली. साहेब म्हणाले, "ने, कचराच आहे."

मशीनं त्यानंतरही बसतच होती; 'जाताना कायमची बिघडवून गेला,' सगळे म्हणाले. पुढच्या महिन्यात नवे कॉम्प्युटर आले आणि ते लावायला एका कंपनीची बाई आली. चुणचुणीत, कमी बोलणारी. पहिल्याच दिवशी लॅपटॉप उघडून ती पाव तासात म्हणाली, "इथं दोघं जण पत्ते वाटतायत. एक तुमचा सर्व्हर. दुसरं कोण आहे?" मी पायानं वायर ओढली. इतक्या सहज ओढली, की माझं मलाच आश्चर्य वाटलं. तिनं पुन्हा पाहिलं, खांदे उडवले. "गेलं."

चहाच्या वेळी मीच तिला विचारलं, अगदी भोळा चेहरा करून. तिनं सांगितलं: मशीननं हाक मारली की आधी जो ओ देईल त्याचं ते ऐकतं. सर्व्हरनं आधी ओ दिली तर ठीक. पण अशी एखादी डबी उलटी जोडलेली असली, म्हणजे पत्ता घ्यायच्या भोकाऐवजी वाटायच्या भोकात, तर तीही पत्ते वाटत सुटते. तिला कामाच्या फाइलचं काय माहीत? मशीनला पत्ता मिळतो, पण पुढे काय करायचं ते कुणी सांगत नाही.

"आधीच्या माणसाला हे सापडलं नसतं का?" मी विचारलं.

"तपासताना डबी चालू असती तर सापडलं असतं."

चहा माझ्या हातात निवून गेला. तो माणूस सगळे गेल्यावर साप साप म्हणून भुई धोपटत होता, आणि साप माझ्या पर्समध्ये बसून माझ्याबरोबर घरी जात होता.

मग मी लगेच जाऊन सांगितलं का? नाही. आईच्या औषधपाण्याला माझी नोकरी लागते, असं मी स्वतःला बजावलं. तेही खोटं नव्हतं. अकरा महिने मूग गिळून बसले. मग आई गेली. तेराव्या दिवशी खाटेसमोरचा कॅमेरा उतरवताना मनात आलं, आता कुणासाठी घाबरायचं?

डॉक्टर भेटले ते एका बाजाराबाहेरच्या पार्किंगच्या फाटकावर. गाड्यांना चिठ्ठ्या देत होते. कॉम्प्युटरच्या कामावर त्यांना कुणी उभं करीना, कागदावर तसं लिहिलेलं म्हटल्यावर कोण करणार? मी डबी त्यांच्या हातात ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं थोबाडीत मारतील. मारायला हवी होती.

त्यांनी डबी उलटसुलट करून पाहिली. "कुठल्या भोकात?"

"पिवळ्या."

"किती वाजता लावायचीस?"

"सव्वानऊ. दुपारी काढायची. संध्याकाळी काढायची."

खुर्चीखालच्या पिशवीतून त्यांनी वही काढली. तीच. पानं उलटत एका जागी बोट ठेवलं. एक आकडा होता आणि पुढे प्रश्नचिन्ह. "हा पत्ता मी एकदा पडद्यावर वाचला होता. आपला नव्हताच. मला वाटलं, माझे डोळे गेले. चष्मा बदलून आणला." मग वही मिटून म्हणाले, "ताई, साहेबांना सांगायचं का नाही ते तू बघ. माझं एवढंच काम कर. रविवारी घरी ये आणि बायकोला सांग. मला काढलं त्या दिवसापासून तिनं मला एकदाच विचारलंय, खरं सांगा, तुम्हीच करत होतात का? मी नाही म्हणालो. पण तिला पटलं नाही, मला दिसतं ते. मी आता हे सांगितलं तर म्हणेल, वर्षभरानं नवी गोष्ट रचून आणली."

"येते," मी म्हणाले.

पहिल्या रविवारी मला कणकण होती. दुसऱ्या रविवारी पाहुणे होते, म्हणजे नव्हते. तिसऱ्या रविवारी गेले. दुसरा मजला, दारात शिलाईच्या चिंध्यांची पिशवी. दार वहिनींनी उघडलं. बारीक बाई, गळ्यात मोजायची पट्टी. आतल्या खोलीत डॉक्टर टेबलाशी बसले होते, धुतलेला शर्ट घालून. समोर वही, तिच्यावर माझी डबी. दोन खुर्च्या ओढून ठेवल्या होत्या.

"मी यांच्या ऑफिसातली," मी म्हणाले.

वहिनींचा चेहरा असा काही बदलला, की मला तो जन्मभर विसरता येणार नाही. "ऑफिसातून? काही सांगायचंय का? काही कळलंय का यांच्याबद्दल?"

आता कुणी अंथरुणाला खिळलेलं नव्हतं. ती सबब आईबरोबरच गेली होती. फक्त ही बाई मला काय म्हणेल, खाली उतरून कुणाकुणाला सांगेल, उद्या हॉलमध्ये पंचवीस माना माझ्याकडे कशा वळतील, आणि माझ्या नोकरीची राहिलेली तीन वर्षं. तेवढंच. तेवढ्यासाठी.

"नाही," मी म्हणाले. "इथून चालले होते, सहज डोकावले."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. डॉक्टर दारापर्यंत आले, बायकोच्या मागे उभे राहिले. रागावले नव्हते.

"बरं, ताई," म्हणाले.

वहिनींनी चहाला थांबायचा आग्रह केला. मी थांबले नाही.