'कळवतो' म्हणालेत

आमच्या ऑफिसात फायली निकालात निघतात, किस्से निघत नाहीत. शांती नगरमध्ये तळमजल्यावर सावंत मॅडमचं वकिलीचं ऑफिस आहे आणि तिथे मी, कांबळे, अकरा वर्षं टायपिंग करतोय. भाडेकरार, वारसनोंद, नावात बदल, असलं काम. मग एक दिवस हमीद आला. अफगाणिस्तानचा, शिलाईकाम करणारा. त्याच्यापायी आम्हाला नवीनच कायदा शिकावा लागला.

*

पहिल्याच दिवशी मी अर्जावर 'निर्वासित' टाइप केलं. मॅडमनी खोडलं. "अहो कांबळे, निकाल लागेपर्यंत तो नुसता आश्रय मागणारा. निर्वासितांचं दिल्लीचं ऑफिस मुलाखत घेणार, मंजूर झालं तर निर्वासित. नामंजूर झालं तर परत जायची पाळी."

घरी बायकोला हे समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे साखरपुडा झालाय, लग्न बाकी आहे."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना तेच ऐकवलं. त्या म्हणाल्या, "कुठला साखरपुडा? पत्रिका नेलीये आणि 'कळवतो' म्हणालेत."

*

हमीदच्या सोसायटीचे सेक्रेटरी मेहताभाई नियमाला पक्के. खालच्या बोर्डावर कुणासमोर ओनर लिहायचं, कुणासमोर टेनंट. हमीदचे कागद बघून ते माझ्याकडे आले. "कांबळेभाई, इनका क्या लिखूँ?"

मी बापडा सगळा कायदा समजावून बसलो. संध्याकाळी बोर्डावर चिठ्ठी: 'हमीद, डिसीजन पेंडिंग'. कुरियरवाला ती वाचून दोनदा परत गेला.

*

मुर्धा गावची मासेवाली रखमाआत्या दर बुधवारी ऑफिसात मासे घेऊन येते. बेल आहे, पण ती दार मुठीनेच ठोकते. पहिल्यांदा ठोकलं तेव्हा हमीद माझ्यासमोर बसला होता. बघतो तर खुर्ची रिकामी. टेबलाखालून आवाज आला, "पेन गिर गया था."

पेन माझ्या हातात होतं.

"ह्यो कोन?" आत्याने विचारलं.

"आसरा मागितलाय त्याने. अजून मिळाला नाही."

"मंग तवर उपाशी बसाचा काय?" असं म्हणून तिने चार बोंबील कागदात बांधून दिले. पुढच्या बुधवारी परत दार ठोकलं, परत पेन पडलं.

*

मग दिल्लीहून मुलाखतीचं बोलावणं आलं. मॅडमनी तालीम ठेवली आणि मला साहेब केलं. या कायद्याचा सगळा जीव एका प्रश्नात: परत गेलास तर भीती आहे का? हमीदच्या दोन भावांना घरातून उचलून नेलं होतं, ते कधीच परत आले नाहीत. एवढं तो सांगायचा. भीतीचं मात्र नाव काढायचा नाही.

मी साहेबी आवाजात विचारलं, "वापस जाने में डर लगता है?"

"डर? मर्द आदमी हूँ."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, डर बोलो! नहीं तो केस गया."

आठ वेळा तालीम घेतली, आठही वेळा गडी निडर. त्याला गाडीत बसवून आलो तेव्हा मॅडम नुसत्या फायलीकडे बघत होत्या.

*

तीन महिन्यांनी कार्ड आलं. हमीद निर्वासित झाला! मेहताभाईंनी चिठ्ठी काढली, रखमाआत्याने पापलेट दिलं. पण मुलाखतीत काय झालं ते पठ्ठ्या सांगेना. शेवटी मी आणि मॅडम त्याच्या खनपटीलाच बसलो.

"साहब ने पूछा, डर लगता है? मैं बोला, नहीं."

मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "फिर?"

"फिर चपरासी चाय लाया. दरवाजा जोर से ठोका."

"फिर?"

"मेरा पेन गिर गया."

"और साहब?"

हमीद मिशीत हसला. "साहब नीचे झुके. पूछा, चाय वहीं लोगे?"