बाई फोटोत काहून नाही

हे मी आजपर्यंत कोणाले सांगतलं नाही. बायकोले नाही, पोरीले नाही, देवापुढं बसूनसुद्धा नाही — तिथं बसलो की दुसरंच काहीबाही पुटपुटतो आन उठतो. तुले सांगून राहिलो. फक्त मधात टोकू नको. मी एकदा थांबलो तर पुन्हा बोलणार नाही, मले माझा स्वभाव माहीत आहे.

गावच्या घरी भिंतीवर आमचा एक मोठा फोटो आहे. लाखनीच्या फोटोवाल्यानं आमच्याच खळ्यात काढला, मागं धानाच्या पेंढ्यांचे उंच पुंजणे रचलेले. मधात खुर्चीवर माय, मागं आम्ही भाऊ, बहीण, सुना, जावई, खाली लेकरं — अडतीस मुंडकी. जो येते तो म्हणते, वा, काय गोतावळा आहे! आन मंग हमखास विचारते, बाई दिसून नाही राहिली, बाई काहून नाही यात?

बाई म्हणजे माझी सगळ्यात मोठी बहीण. आमच्याकडं मोठ्या बहिणीले बाईच म्हणतात. सिहोऱ्याले दिली तिले. माय धानाच्या रोवण्याले जाय तवा बाई मले कडेवर घेऊन दिवसभर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून राहे. तिची शाळा माझ्यापायी सुटली. हे मी कायले सांगून राहिलो? तू मले लवकर शिव्या द्याव्या म्हणून असन.

बाईच्या अंगावर कोड आहे. लग्नानंतर लय वर्षांनी आलं. आधी हाताले, मंग ओठाले. ते कोणाले लागत नाही, हे मले माहीत नव्हतं का? मी नोकरीवाला माणूस, जवाहरनगरच्या क्वार्टरात राहतो, दुसऱ्याले ग्यान शिकवतो. पण तवा माझ्या पोरीचं, रोशनीचं, लग्न जमून राहिलं होतं. पोराकडून निरोप आला — बायोडाटासंग घरच्या साऱ्यांचा एक फोटो पाठवा. आमच्याकडं पोरगी एकदा पाहतात आन गोतावळा दहादा. कोणाची आत्या कशी आहे, मामा कसा आहे. आत्याचं भाचीवर उतरते म्हणतात ना.

माय वेगळ्याच कारणानं खूश. म्हणे, "माही पाचही लेकरं एका फोटोत पाह्यची आहेत मले. मंग डोळे मिटले तरी चालते." मंडईचा दिवस ठरला. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्राच, असली की लेकी-जावई आपोआपच जमतात. फोन करायचं काम माझ्याकडं होतं. साऱ्यांले मी बारा वाजता म्हटलं. बाईले —

थांब जरा.

बाईले चार म्हटलं.

बारा वाजता सारे तयार. माय अडून बसली — बाई येऊ द्या, तिच्याबिगर नाही. फोटोवाला घड्याळ पाहून राहिला, लेकरं उन्हानं किरकिर करून राहिली. तवा मी काय केलं असन? मोबाईल कानाले लावला. लावलाच फक्त. आन मोठ्यानं बोललो — "काय वं बाई, अजून घरीच? गाडी नाही? बरं, काढून घेतो मंग." मायनं ऐकलं. तिचं तोंड उतरलं, पण ती सावरून बसली. फोटो निघाला. फोटोत माय हसून नाही राहिली, पाह्य कधी गेला तर.

बाई साडेतीनले आली. अर्धा तास आधी! नवं लुगडं, आन भर दुपारच्या उन्हात पूर्ण बाह्यांचं पोलकं — मुद्दाम शिवून आणलं होतं. "फोटोत हात दिसाले नको, रोशनीचं काम आहे," असं माझ्या बायकोले हळूच म्हणाली. खळ्यात खुर्च्या उचलून ठेवल्या होत्या. ती इकडंतिकडं पाह्यले लागली.

मी साऱ्यांपुढं म्हटलं, "अवं बाई, बारा म्हटलं होतं ना तुले!"

तिनं माझ्याकडं पाह्यलं. एकदाच. मले वाटलं, आता बोलते. ती म्हणाली, "हो का रे भाऊ? माह्याच ध्यानात नाही राहिलं मंग."

समजलं का तुले? तिनं स्वतःवर भरोसा ठेवला नाही. माझ्यावर ठेवला.

मायनं तिले चांगलंच झापलं; बाराच्या फोनचा विषय निघाच्या आत मी बाईले जेवाले बसवलं. बाकीचे हसले — बाईची गाडी लेटच असते! भाचे अजून तिले चिडवतात. मीही हसलो. मोठ्यानं हसलो.

रोशनीचं लग्न झालं. लग्नात बाईले कुठं लपवणार होतो मी? व्याहीणबाईनं तिचे हात पाह्यले, ओठ पाह्यले, आन तिच्याच बाजूले बसून जेवल्या. म्हणाल्या, आमच्या मोठ्या जावेलेही आहे. बस्स. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी! मी मांडवाच्या मागं जाऊन उलटी केली. लोकाईले वाटलं, पोरीच्या बिदाईचं दुःख आहे.

मंग आता तर भेव राहिलं नव्हतं ना? पोरगी सुखात होती. दोन शब्द बोलाचे होते फक्त. उन्हाळ्यात माय खाटेवर पडली. फोटो भिंतीवरून उतरवून जवळ मागितला. एकेकावर बोट ठेवे आन नाव घे. दुपारची वेळ, बाई पायथ्याशी बसून तिचे पाय चेपून राहिली होती, मी दाराशी उभा. मायचं बोट सरकत सरकत थांबलं. म्हणाली, "एक दिवस मागतला होता तुले. एक दिवस येळेवर नाही आली."

बाईनं तिच्या पायावर डोकं ठेवलं. "चुकलं माय. माहंच चुकलं." रडली ती, हमसून हमसून रडली. साठीची बाई, लहान पोरीवानी.

मायनं तोंड भिंतीकडं केलं.

मी तिथंच होतो. चार पावलांवर. जीभ होती तोंडात. बाई येळेवर आली होती, माय — एवढंच म्हणाचं होतं. म्हटलं नाही. पाणी आणतो म्हणून आत गेलो, आन माठापाशी उभा राहिलो, रडणं थांबेपर्यंत. तिसऱ्या दिवशी माय गेली. बाईसंग बोललीच नाही मंग ती.

बाई आहे अजून. सिहोऱ्यालेच राहते. जवाहरनगरहून गाडीनं दीड तास लागते. मी महिन्यातून एकदा जातो, ती माझ्यासाठी भात टाकते, मी जेवतो आन परत येतो.