टुना की टोणा

आमचा कडूबा शहागडला हायवेवर ट्रकची पंक्चरं काढतो आन् संध्याकाळी विहारात भूत-भानामतीच्या विरोधात भाषणं ठोकतो. धाकटा भाऊ हाय माझा, पण डोस्कं लई गरम! ट्रकला लिंबू-मिरची दिसली की आधी ती काढायला लावतो, मंग टायरला हात लावतो.

त्याची साक्षी उदगीरला मासळीचं शिकली. परदेशी जहाजावर नोकरी लागली, तसा तिनं बापाला फोन केला. दुकानाम्होरं नुसते हॉर्न वाजत व्हते. ती म्हणली, "अप्पा, टुनाचं सर्टिफिकेट द्यायचं काम मिळालं!" यानं ऐकलं, टोण्याचं.

झालं! "बौद्धाची पोर आन् जादूटोण्याला सर्टिफिकेट देती?" म्हणून फोन आपटला. पुन्हा तिचा फोनच घेईना. म्या सांगितलं, अरे बाबा, मासा हाय म्हणं तो. तर माझ्यावरच उखडला, "माशाला कुठं सर्टिफिकेट राह्यतं का, अक्का?" तिकडं पोरगी रडायची, "आत्या, अप्पा बोलले न्हाई तर मी नोकरीच सोडते." माझा जीव तुटायचा.

सुट्टीत आली, तरी हा पठ्ठ्या दुकानातून उठंना. मंग तीच जाऊन त्याच्यासमोर टायरवर बसली. मोबाइलात फोटो दाखवला.

"हा टुना. ह्याच्या वरून डॉल्फिन पोहतात. जाळं टाकलं की तेबी अडकून मरतात. मी जहाजावर नजर ठेवते. एकबी मेला न्हाई, तरच तो माल वेगळ्या टाकीत जातो, त्याला नंबर पडतो आन् डब्यावर शिक्का बसतो."

कडूबा मासा बघतच राह्यला. कान लालेलाल! पण लगेच हार मानल तर तो कडूबा कसला.

"आन् कप्तान म्हणला, एकच तर मेला, जाऊ दे, मंग?"

"म्हणला व्हता. मी न्हाई ऐकलं. मेला म्हंजी मेला, असंच लिहिलं. सगळ्या मालाचा शिक्का गेला. मंग जहाजावर कुणीच बोलंना माझ्याशी." साक्षी खाली बघून म्हणली, "तुमीबी न्हाई, अप्पा."

कडूबानं हातातला पाना खाली ठेवला. डोळे भरून आल्ते त्याचे. "चुकलं माय माझं. मला तर इथं टाळ्या वाजवणारे राह्यतात. तू भरसमुद्रात एकटी..."

दोघं रडून राह्यले आन् मला मेलीला आनंदानं हसू आवरंना.

"जहाज कव्हा हाय?" त्यानं नाक पुसत इचारलं.

"परवा निघायचंय."

"परवा?" कडूबा केवढ्यानं वरडला! "एवढी काय जल्दी हाय? आत्ताच तर आलीस!"