दोन टाक्यांचा हट्ट

डायव्हिंगच्या दुकानातले फाटके रबरी सूट शिवता-चिकटवता शिंपीणकाकू स्वतःच पन्नाशीनंतर पाण्याखाली जायला शिकल्या. त्या एकट्या कशा जाणार, म्हणून पाठोपाठ त्यांचे निवृत्त बसचालक यजमानही शिकले. त्यालाही आता तीन वर्षं झाली. पण अठरा मीटर खोल बुडून पडलेल्या मालवाहू जहाजाचा मागचा पंखा काही काकूंना दिसला नव्हता. दरवेळी अर्ध्या वाटेवर काकांच्या हवेचा काटा दोनशेवरून शंभरावर यायचा. जोडीतल्या एकाची टाकी निम्मी झाली की दोघांनी परत फिरायचं, हा नियम. तेव्हा काकूंच्या टाकीत दीडशे शिल्लक असायचे.

"माणूस आहेस की कासव?" काका होडीत येऊन चिडवायचे.

"आणि तुम्ही खालीही बस हाकता!"

हंगामाची शेवटची होडी रविवारी सुटणार होती. काकांची कंबर दर वर्षी थोडी जास्त कुरकुरत होती. पुढच्या हंगामाचा भरवसा काकूंना वाटत नव्हता. काकांनी मात्र तोडगा काढलाच. शुक्रवारी ते काकूंबरोबर दुकानात गेले आणि सरळ जोडटाकी पाठीवर बांधून घेतली. उठले, दोन पावलं टाकली आणि काउंटरला धरून उभे राहिले. तोंड लालबुंद.

"काका, हे घेऊन होडीची शिडी चढायचीय. तीही लाटांवर," दुकानाची मालकीण म्हणाली.

"चढेन की."

"कमरेच्या पट्ट्यासकट?" काकूंनी विचारलं.

मालकिणीला हसू आवरेना. "दोन टाक्या लागतात खूप खोल, खूप लांब जाणाऱ्यांना. त्या जहाजाला एक पुरते. तुम्हाला हवा कमी पडत नाही काका, तुम्ही ती उधळता. कशात ते शोधा."

काका रुसले. घरी निघाले तेही नेहमीसारखे चार पावलं पुढे. दहा पावलं चालायचे, मान वळवून मागे बघायचे, पुन्हा भराभरा चालायचे. हे काकू वर्षानुवर्षं बघत होत्या, पण आज त्या रस्त्यातच थांबल्या. खालीही हे असंच करतात. फक्त तिथे मान पुरत नाही. पाठीवरच्या टाकीसकट अख्खं अंग वळवावं लागतं, हातपाय मारत, धापा टाकत.

"अहो, खाली इतक्यांदा मागे का बघता?"

"तू दिसत नाहीस म्हणून."

"तुम्ही पुढे पळता म्हणून मी दिसत नाही!"

काका चपलेचा पट्टा नीट करायला वाकले आणि खालीच बघत म्हणाले, "रस्त्यात हाक तरी मारता येते गं. तिथे काय करू?"

काकूंना या माणसाची घाई आजवर निव्वळ घाईच वाटली होती.

"तिथे माझ्या शेजारी राहायचं," त्या म्हणाल्या. "कोपराला कोपर. पुढे गेलात तर पाय ओढीन."

रविवारी दोघं एकेका टाकीवर उतरले. सुरुवातीला काका सवयीनं पुढे सरकले. काकूंनी त्यांच्या पायातला रबरी पंखा धरून खरंच ओढला. मग मात्र ते शेजारी आले, हात पोटावर बांधून निमूट तरंगू लागले. त्यांचे बुडबुडे विरळ होत गेले. नेहमीची परत फिरायची जागा आली तेव्हा त्यांच्या काट्यावर एकशे चाळीस होते. काका काट्याकडे बघतच राहिले. काकूंनी पुढे बोट दाखवलं.

पंखा काकांहूनही उंच होता. शेवाळलेला, एक पातं वाळूत रुतलेलं. काकूंनी त्यावर तळवा टेकवला आणि काकांच्या काट्यावर एकशे पाच होईपर्यंत उचलला नाही.

होडीत आल्यावर काका डोकं पुसत म्हणाले, "मला वाटला होता त्याहून लहानच निघाला."

"मग मोठा शोधा," काकू केस पिळत म्हणाल्या.

तोवर काका मालकिणीला विचारतही होते, "पुढच्या हंगामाची पहिली होडी कधी सोडताय?"