सातव्या डावात कोणी बोललं नाही

सान्ता ओलायाच्या लोकांना गप्प बसणं जमत नाही. साखर कारखान्याचा भोंगा एकवेळ बंद पडेल, पण बदामाच्या झाडाखाली डॉमिनोच्या टेबलावर चालणारी बडबड बंद पडायची नाही. कुणाची कोंबडी कुणाच्या परसात अंडं घालते इथपासून सरकार कधी पडणार इथपर्यंत सगळं तिथे मोठ्या आवाजात ठरतं. मात्र बेसबॉलच्या सामन्यात आपल्या पिचरच्या चेंडूवर समोरच्यांना अजून एकही धड फटका मारता आला नसेल, तर हीच माणसं तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात. त्या पिचरशी बोलायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं नाही, आणि 'एकही फटका नाही' हे शब्द तर चुकूनही उच्चारायचे नाहीत. जो उच्चारेल तो पनवती. पुढच्या चेंडूवर फटका बसला, की गाव जन्मभर त्याच्या नावानं बोटं मोडणार.

हा नियम कुणी केला, देव जाणे. ज्यानं केला तो सापडला असता, तर ओनेसिमोनं त्याला कारखान्याच्या चरकात घातला असता.

ओनेसिमो कॅचर होता. बॅटरच्या मागे उकिडवं बसायचं, बोटांच्या खुणांनी पिचरला कुठला चेंडू टाक ते सांगायचं आणि आलेला चेंडू झेलायचा. सगळी जवानी उकिडवी गेल्यावर गुडघ्यांत काय राहणार? आता तो गावच्या मैदानाची देखभाल करतो, गवताला पाणी घालतो आणि जिना दिसला की तोंड फिरवतो. ज्याचे चेंडू झेलण्यात ते गुडघे गेले, तो त्याचा मेव्हणा. नाव लेओकादियो फिप्स, पण हे नाव फक्त पाद्रीबाबाला आणि पोलिसांना ठाऊक. बाकी सगळ्यांचा तो मेलासा, म्हणजे काकवी. डावखुरा होता, आणि त्याचा वळता चेंडू काकवीसारखा सावकाश यायचा, आता पडेल मग पडेल असं वाटायला लावायचा, आणि बॅटर हवेत बॅट फिरवून मोकळा व्हायचा.

लहानपणी दोघं उसाच्या फडामागे खेळायचे. पेरूची काठी ही बॅट, मोज्यात चिंध्या कोंबल्या की चेंडू. तेव्हाच ओनेसिमोच्या लक्षात आलं की वळता चेंडू टाकायचा असला की मेलासाचा अंगठा आधी कानाच्या पाळीला लागतो. पलीकडच्या वस्तीतल्या पोरांनाही ते कळलं आणि ती त्याला झोडपायला लागली. ओनेसिमोनं मग एक दिवस त्याच्या पाळीला झणझणीत मिरची चोळली. मेलासानं पाळीला अंगठा लावला, तोच अंगठा डोळ्याला लावला आणि दुपारभर बोंबलत हिंडला. मैदानावरची खोड त्या दिवशी गेली. घरातली राहिली. मेलासा खोटं बोलायला लागला की अंगठा आपोआप पाळीवर जायचा, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसायचा. जित्याची खोड ती. हे ओळखणारी दोनच माणसं, ओनेसिमो आणि मेलासाची थोरली बहीण नेरेइदा. हिच्याशी ओनेसिमोनं पुढे लग्न केलं.

उत्तरेकडच्या एका संघानं दोघांना एकदमच उचललं. ओनेसिमो लवकरच परत आला, कारण त्याला झेलता येत होतं, मारता येत नव्हतं. मेलासा वर चढत गेला. त्यानं बहिणीला फ्रीज पाठवला, गावाला जर्सी पाठवल्या, आणि टीव्हीवर तो दिसला की कारखान्यातली यंत्रं सोडून माणसं पळत यायची. मग खांदा दुखायला लागला. तिथल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, खेळापुरत्या म्हणून. खेळापुरत्या गोळ्या आधी झोपेपुरत्या झाल्या, मग उठण्यापुरत्या. एक दिवस संघानं त्याला सोडलं. गोळ्यांनी काही सोडलं नाही.

तो परत आला आणि हिवाळी सामन्यांत गावच्या संघाकडून खेळायला लागला. आणि जिंकायला लागला, हेच वाईट झालं. संघाच्या बाकावर बसल्या बसल्या त्याची मान कलंडायची ते सगळ्यांना दिसत होतं. तो नाक खाजवत राहायचा, भर उन्हात त्याला हुडहुडी भरायची, नेरेइदानं वाढलेलं ताट तसंच ठेवून उठायचा. पण लागोपाठ जिंकतोय ना? मग अळीमिळी गुपचिळी. मैदानावरचा नियम हळूहळू घरात आला आणि जेवणाच्या टेबलावर बसला. नेरेइदा नवऱ्याला सांगायची, "आत्ता काही विचारू नकोस त्याला. सीझन संपू दे. उगाच तुझ्या तोंडून काहीतरी जायचं आणि दृष्ट लागायची." ओनेसिमो मान हलवायचा. त्यालाही तेच हवं होतं.

राजधानीच्या संघाबरोबरचा तो सामना आजही गावात लहान पोरांना पाठ आहे. नऊ डावांचा खेळ. सहा डाव झाले तरी राजधानीवाल्यांना एकही फटका नाही. बाकावर मेलासा एकटा बसलेला, त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा, आणि सगळा संघ दुसरीकडे बघतोय. रेडिओवर बोलणारा तातिको, ज्याची जीभ झोपेतही थांबत नाही म्हणतात, तोही शब्द गिळत होता.

सातव्या डावात ओनेसिमोनं खाली टाक अशी खूण केली, चेंडू वर आला. पुन्हा खूण केली, मेलासा नुसता बघत राहिला. ओनेसिमो उठला आणि पिचर उभा राहतो त्या उंचवट्याकडे चालत गेला. जाताना त्यानं ठरवलं होतं काय बोलायचं ते. उतर खाली. बस झालं. मी प्रशिक्षकाला सांगतो. जवळ गेल्यावर दिसलं, मेलासाच्या डोळ्यांतली बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली होती आणि ओठांचा रंग उतरला होता.

"खांदा?" ओनेसिमोनं विचारलं.

"खांदा? कुठाय?" मेलासा हसला. "मला खांदाच नाहीये आज, लेका. नुसता हात आहे."

मागे अख्खं मैदान गप्प होतं. एवढी माणसं आणि पानाचा आवाज नाही. ओनेसिमोनं ग्लोव्ह तोंडासमोर धरला, तोंड उघडलं आणि म्हणाला, "खाली टाक."

तो परत फिरत असताना संघाचा म्हातारा प्रशिक्षक क्रिस्पुलो यानं बाकावरून भुवई उडवली, म्हणजे ठीक आहे ना? ओनेसिमोनं मान डोलावली. ती एक मान त्याला आयुष्यभर पुरली.

सामना जिंकला. एकही फटका नाही. लोकांनी मेलासाला खांद्यावर घेतला, आणि कपडे बदलायच्या खोलीत उतरवला तेव्हा तो उभा राहिना. ओठ जांभळे, श्वास अडकत अडकत. बाहेर ढोल वाजत होते आणि आत ओनेसिमो त्याच्या छातीवर हात दाबत ओरडत होता. इस्पितळात जीव वाचला. पण डॉक्टर म्हणाला की खांद्याच्या आतलं सगळं फाटलं आहे, आणि हे एका चेंडूत झालेलं नाही, फाटत असताना माणूस टाकत राहिला आहे. दुखलं असतं तर थांबला असता. दुखूच दिलं नव्हतं ना.

आणि त्याहून वाईट म्हणजे मेलासाला तो सामना आठवेना. गावाला चेंडूनचेंडू पाठ, आणि ज्यानं टाकला त्याच्या डोक्यात सगळं कोरं. तातिको बदामाखाली त्याला तो सामना रंगवून सांगायचा आणि हा दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तसा ऐकायचा. मग संध्याकाळी हळूच ओनेसिमोला विचारायचा, "सातव्यात तू माझ्याकडे आला होतास म्हणे. काय बोललास?"

"खाली टाक म्हणालो."

"एवढंच?"

"एवढंच."

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, पण सांगतो. त्यानं फ्रीज विकला, जर्सी विकली, नेरेइदाचा गॅस सिलेंडर भर स्वयंपाकात उचलून नेला. त्याची बायको पोरीला घेऊन माहेरी गेली. नेरेइदा भावाला दारात उभं करून शिव्या द्यायची आणि मागच्या खिडकीतून भात द्यायची. शेवटी पाद्रीबाबानं त्याला डोंगरातल्या, व्यसन सोडवणाऱ्या एका आश्रमात नेऊन टाकला. तिथून तो ईस्टरच्या सुमारास परत आला, बारीक झालेला, पण डोळे स्वच्छ. ओनेसिमोच्या मागच्या खोलीत राहायला लागला, मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला लागला. ताटातला घेवडा घातलेला भात संपवून पातेल्याची खरवडही मागून खायला लागला. नेरेइदा ती खरपूस खरवड त्याच्यासाठी मुद्दाम जास्त लागू द्यायची.

आणि गाव? गाव पुन्हा गप्प. मेलासा सुटलाय, हे शब्द कुणी उच्चारायचे नाहीत. बरा आहेस का, विचारायचं नाही. गोळ्यांचं नाव काढायचं नाही. तो बदामाखाली आला की टेबलावर एकदम पावसापाण्याच्या गप्पा. पुन्हा त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा. ओनेसिमोलाही ते दिसायचं, पण बोलणार कोण? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशी आमची माणसं.

गावच्या संतिणीच्या सणाला मेलासाचा सत्कार करायचं ठरलं. त्यानं उंचवट्यावर चढून एक चेंडू टाकायचा, ओनेसिमोनं झेलायचा, पोरं टाळ्या वाजवतील, मग नाच. एवढंच. हाताला वजन उचलवत नव्हतं, पण एक हलका चेंडू जाईल, असं सगळे म्हणाले.

त्या दिवशी दुपारी जेवताना मेलासा फार खुशीत होता. नेरेइदाच्या केसांची थट्टा केली, ओनेसिमोच्या गुडघ्यांची केली. ताटातला भात इकडून तिकडे सारत राहिला. खरवड पुढे केली तर म्हणाला, "नको गं, पोट भरलंय." आणि नाक खाजवलं.

ओनेसिमोनं चमचा खाली ठेवला. "खांदा कसा आहे?"

"एकदम मऊ. लोण्यासारखा," मेलासा म्हणाला, आणि त्याचा अंगठा सावकाश कानाच्या पाळीकडे गेला.

नेरेइदानं ते पाहिलं. तिनं ओनेसिमोकडे पाहिलं. भाऊ हात धुवायला उठल्यावर ती पुटपुटली, "आज नको. सगळा गाव येणार आहे. एवढा एक दिवस त्याला मिळू दे. तुला माझी शपथ."

"तेव्हाही एकच दिवस होता, नेरेइदा."

"शपथ घातलीय मी."

ओनेसिमो बूट घालायला बसला.

मैदान भरलं होतं. तातिको माईकवर तोच सामना पुन्हा सांगत होता, सातवा डाव, आठवा डाव, नववा. मेलासा उंचवट्यावर चढला, टोपी काढून सगळ्यांना दाखवली, आणि लोक उभे राहिले. ओनेसिमो गुडघे कडकडवत खाली बसला. त्यानं खूण केली, सरळ टाक. मेलासा बघत राहिला. पुन्हा खूण केली. मेलासाची नजर त्याच्यावरच होती आणि त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. हलकेच त्याची मान कलंडली आणि सावरली.

ओनेसिमो उठला. लोकांना वाटलं, जुन्या सामन्याची नक्कल चाललीय, आणि ते हसायला लागले. तातिको ओरडला, "बघा, बघा, सातव्यातसुद्धा असाच गेला होता!" ओनेसिमो चालत राहिला. उंचवट्यावर पोचला तेव्हा त्यानं ग्लोव्ह तोंडासमोर धरला नाही. ग्लोव्ह काढून काखेत मारला आणि उजवा हात पुढे केला, तळवा वर. खेळात पिचरला उतरवायचा असला की म्हातारा क्रिस्पुलो असाच हात पुढे करायचा. कितीही मोठा पिचर असो, त्या तळव्यावर चेंडू ठेवून त्याला मुकाट खाली उतरावं लागतं.

मेलासानं चेंडू पुढे केला.

"चेंडू नको," ओनेसिमो म्हणाला. "ते दे."

"काय ते?"

"लेओकादियो."

हे नाव ऐकून मेलासाचं हसू गेलं. "सगळी बघतायत रे."

"बघू दे. सातव्यात मी तुला उतर म्हणायला आलो होतो. म्हणालो नाही. घाबरलो. सगळ्यांना घाबरलो, तू जिंकावंस म्हणून गप्प बसलो. तुझा खांदा मी फाडलाय."

माईकवर तातिकोचा आवाज कधी थांबला ते कळलंच नाही. प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत नेरेइदा दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती.

"इतकी वर्षं विचारतोय तुला," मेलासा म्हणाला. "काय बोललास, काय बोललास. मला वाटायचं तू काहीतरी बोलला असशील."

"नाही बोललो."

मेलासाचा हात खिशात गेला. त्यानं गोळ्यांची चुरगळलेली पट्टी काढली, तिच्यातल्या बऱ्याच जागा रिकाम्या होत्या, आणि ती ओनेसिमोच्या तळव्यावर ठेवली. लोकांत कुणीतरी शिवी हासडली, पनवती म्हणून. ती कुणासाठी होती ते सगळ्यांना कळलं.

"एवढंच?" ओनेसिमोनं विचारलं.

"एवढंच," मेलासा म्हणाला, आणि त्याचा अंगठा कानाच्या पाळीला लागला.

ओनेसिमोनं पट्टी खिशात टाकली आणि रिकामा तळवा पुन्हा पुढे धरला.