वाकड्या खांद्याची रायफल

"पहिले खांदा दाखवा भाऊ, नाव मंग सांगजा."

दुकानात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला आमचे मिस्त्री हेच म्हणायचे. तुम्ही हो-नाही म्हणायच्या आत त्यांचा अंगठा तुमच्या खांद्याच्या खळगीत रुतलेला असायचा. रायफलीचा दस्ता, म्हणजे मागचा लाकडी भाग, तिथंच टेकतो ना! पाहुणा असो की वीजबिलवाला, सुटका नाही. माझ्या मेव्हण्याला तर म्हणाले होते, "खांदा नाई हा, खुंटी हाये." बिचारा अजून फुगून बसलाय.

मूल गावात माझी आरागिरणी आणि तिला लागूनच त्यांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान. त्यांचे वडील कलकत्त्याच्या एका नामी बंदूकवाल्याकडे शिकलेले. मोडीत निघालेल्या फौजी रायफलीचं फक्त पोट ठेवायचं, म्हणजे बोल्ट मागेपुढे होतो तो लोखंडी भाग. त्याला नळी नवी, दस्ता नवा, आणि माणसाच्या मापाची शिकारी रायफल उभी करायची. बापानं लेकाला ही विद्या दिली, पण लेकाचा हात बसेपर्यंत शिकारच बंद झाली. मग काय, धानात शिरणाऱ्या डुकरांसाठी ठेवलेल्या बंदुकांच्या स्प्रिंगा बदलण्यातच जन्म गेला. पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं घडवलेली रायफल एकच.

ती जवळच्या खेड्यातल्या एका शेतकऱ्याची. माणूस बुटका, त्यात लहानपणी बैलगाडीखाली येऊन उजवा खांदा खाली बसलेला. कोणतीही बंदूक झाडली की गालफड सुजायचं. मिस्त्रींनी माझ्याकडून बीजाच्या झाडाचं वाळलेलं लाकूड नेलं आणि त्या वाकड्या खांद्यापुरता आखूड, जरासा तिरपा दस्ता कोरला. शेतकऱ्यानं ती उचलून लावली आणि पाहतच राहिला. "मिस्त्री, हे तं माह्या आंगासंगच जन्मली वाटते." त्या दिवशी मिस्त्रींनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला. एरवी ते चहा प्यायचे, पाजायचे नाहीत.

पुढे तो शेतकरी वारला. मुलगा पुण्याला नोकरीत, त्याला रायफल नको होती. ती पोलीस ठाण्यात जमा झाली. दिलेल्या मुदतीत कुणी परवानावाल्यानं घेतली तर ठीक, नाहीतर कापून नष्ट करणार, असं कळलं. मिस्त्रींची झोप उडाली. म्हातारपणी सायकल काढून गावोगाव हिंडले, गिऱ्हाईकं ठाण्यात घेऊन गेले. जो तो रायफल खांद्याला लावायचा आणि तोंड वाकडं करायचा. बसणार कशी? ती एकाच माणसाची होती, आणि तो माणूस राहिला नव्हता.

शेवटी एक उंचापुरा धानवाला तयार झाला. "मिस्त्री, मागून दोन बोटं लाकूड जोडून द्या, आजच घेतो."

मिस्त्री भडकले. "ठिगळ? माह्या रायफलीले? त्यापरिस कापू द्या तिले!"

मी त्यांना माझ्या गिरणीत बसवलं. "अहो, तिचा जीव वाचून राह्यला. काऊन हट्ट करता?"

"तुमी लाकडं कापा भाऊ," ते म्हणाले आणि उठून गेले. धानवाल्यानं दुसरी बंदूक घेतली.

मुदत सरली. लाकडापासून लोखंड सुटं करायला ठाण्यातून बोलावणं आलं, तेही यांनाच. गेले. परत आल्यावर मी विचारलं, कशाला गेलात? तर म्हणे, "दुसऱ्या कोणी स्क्रूचं तोंड खराब केलं असतं." जी कापायचीच होती तिचे स्क्रू! मला हसू आलं. लोखंड कापलं गेलं. दस्ता मात्र हवालदारानं त्यांना देऊन टाकला.

पुढे काही दिवसांनी ते तो दस्ता घेऊन माझ्याकडे आले. "बीजाचा तुकडा पायजे होता भाऊ. त्याच रंगाचा असन तं बरं."

"आता कशाले?"

"दोन बोटं जोडतो."

खरं सांगतो, मला संताप आला. आता जोडता? तेव्हा काय झालं होतं? पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि लाकूड काढून दिलं. पावसाळाभर त्यांचं तेच चाललेलं. कानशीचा आवाज माझ्या आऱ्याच्या घरघरीतूनही ऐकू यायचा. जोडताना दस्त्याचा तिरपेपणाही काढला, आणि सांधा असा केला, की नख फिरवलं तरी लागेना.

"खांदा द्या भाऊ." त्यांनी दस्ता माझ्या खांद्याला लावला. त्यांचा उजवा हात सवयीनं बोल्टकडे गेला, रिकाम्या खाचेवर थांबला आणि तिथंच राहिला.

"बसते," मी म्हणालो.

"बसतेच ना," ते म्हणाले. "काई कठीण नव्हतं." मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.

दिवाळीच्या आधीच मिस्त्री गेले. दुकानाला कुलूप आहे. दस्ता माझ्या गिरणीत खुंटीला टांगलाय. येणारा-जाणारा उचलतो, गंमत म्हणून खांद्याला लावून पाहतो.

सगळ्यांनाच बसतो.